अडीचशे ग्रॅम

ताई,

तुमच्या तेराव्याला पंगती उठल्यावर मीराबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. तीस वर्षं तुमच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबलेल्या त्या मीराबाई. रडून रडून त्यांचे डोळे बारीक झाले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि भोवतीच्या बायकांना सांगितलं, ह्या आमच्या बाईंच्या भावजय, नाशिकला कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात, बाईंना साबण करायला ह्यांनीच शिकवलं. बायका माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. एक तर वाकून माझ्या पाया पडली. आणि मी, ताई, मान हलवली. तुमच्या घरात, तुमच्या फोटोसमोर बसून मी ती शाबासकी घेतली.

त्याला आज आठ दिवस झाले. मधल्या दिवसांत जे घडलं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण त्याआधी मागचं सांगायला हवं. मागचं तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटत होतं. तुम्हाला ते माहीत नव्हतं.

तुम्ही रिटायर झालात आणि पहिले दोन-तीन महिने तुम्हाला हात कुठे ठेवावेत ते कळेना. संध्याकाळी ओट्यावर बसायचात. द्राक्षबागेतून सुटलेल्या बायका तुमच्या नळावर हातपाय धुवायला थांबायच्या. छाटणीनंतर काड्यांच्या डोळ्यांना फुटीचं औषध लावतात, ते काम ह्या बायकांचं. हातमोजे दिले तरी घामानं काढून टाकतात. त्या औषधानं तळवे फुटतात, आणि वास जात नाही म्हणून त्या तेच फुटके हात कपड्याच्या पावडरीनं घासतात. तुम्ही मला सांगितलं होतं की सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळीतल्या यमुनाला भाकरी थापता येत नव्हती. पीठ भेगांत जाऊन चुरचुरायचं म्हणून ती नवऱ्याला भाकरी थापायला लावायची आणि टोळीतली माणसं त्याला हसायची.

मग एका रविवारी तुम्ही मेथीच्या जुड्या घेऊन दिंडोरीच्या बसनं पंचवटीला आमच्याकडे आलात आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मला विचारलंत, साबण घरी करता येतो का? हात धुऊन निघतील पण भेगा पडणार नाहीत असा?

मी हसले. पापड झाले, लोणची झाली, आता साबणच राहिला होता, असं काहीतरी बोलले. दुकानात शंभर प्रकारचे साबण मिळतात हेही सांगितलं. तुम्ही मेथी निवडत राहिलात. मी नाही म्हटलं म्हणजे तुम्ही सोडून द्याल असं मला वाटलं. तुमच्याबरोबर पंचवीस वर्षं काढूनही मी तुम्हाला एवढंच ओळखत होते.

तुमचा पहिला साबण जर्मनच्या पातेल्यात झाला, म्हणजे झालाच नाही. मोबाईलवर एका हिंदी बाईचा व्हिडिओ बघून तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातून कॉस्टिक सोडा आणला. मोतीबिंदूच्या पहिल्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा लावला, तोंडाला पदर बांधला आणि मागच्या अंगणात पाण्यात कॉस्टिक सोडलं. पातेलं फसफसायला लागलं. काळा फेस वर आला, वाफेनं नाक झोंबलं, तुम्ही आधी शेजारची शेळी सोडून लांब नेली आणि मग मला फोन केलात. "मनीषा, पातेल्याला भोक पडलं गं," एवढंच म्हणालात. जर्मनला, म्हणजे ॲल्युमिनियमला, कॉस्टिक खातं, स्टीलचं घ्यायचं, हे मी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळा प्रसंग काळ्या चष्म्यासकट करून दाखवला. सगळे पोट धरून हसले. तुमच्या शेळीचं तर फारच कौतुक झालं. मी तो प्रसंग नंतर आणखी दोनदा करून दाखवला, ताई.

दुसरा साबण स्टीलच्या बादलीत. तेल, पाणी, कॉस्टिक, सगळं वाटीनं मोजलेलं. दोन तास रवीनं घुसळूनही ते ताकासारखं पातळच राहिलं. तुम्ही ते टाकून दिलं नाहीत. बाटल्यांत भरून ठेवलंत आणि अंगणवाडीच्या पायऱ्या त्यानं घासून काढल्यात. पायऱ्या लय चकचकीत निघाल्या म्हणून फोटो पाठवलात. त्या फोटोत पायऱ्यांपेक्षा तुमचा अंगठाच जास्त आला होता.

तेव्हा तुमच्या लक्षात आलं की हे वाटीचं काम नाही, वजनाचं आहे. वजन म्हटल्यावर तुमच्या जिवात जीव आला. तीस वर्षं तुम्ही गावातल्या पोरांची वजनं केली होती. रडणारं, हातपाय झाडणारं पोर झोळीत घालून काट्याचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. तुमचं वजन कधी चुकलं असं तपासणीला येणाऱ्या मॅडमनाही म्हणता आलं नव्हतं. ह्यांनी, तुमच्या भावानं, तुम्हाला डिजिटल काटा आणून दिला. आणि किलोभर खोबरेल तेलाला कॉस्टिक किती घ्यायचं हे विचारायला तुम्ही मला फोन केलात.

तो फोन मला शब्दन् शब्द आठवतो. बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. खरं तर मी तुम्हाला तासाभरानं फोन करते म्हणायला हवं होतं. पण मला ते पटकन संपवायचं होतं. कपाटातून पुस्तक काढलं, खोबरेल तेलापुढचा आकडा बघितला आणि म्हणाले, अडीचशे ग्रॅम.

तुम्ही चाचरत म्हणालात, "ती व्हिडिओतली बाई एकशे ऐंशीच्या आत सांगत होती गं."

ह्यावर मी काय बोलले ते तुम्ही कुणालाही सांगितलं नाहीत. मीच सांगते. मी म्हणाले, "ताई, व्हिडिओतल्या बाईचं ऐकायचं असेल तर मला कशाला विचारता? बावीस वर्षं हेच शिकवतेय मी."

तुम्ही म्हणालात, "बरं बाई. तू लय शिकलेली हायस. तू म्हणतीस तसं."

त्यात टोमणा नव्हता. तुम्हाला खरंच तसं वाटायचं. आणि मी शिकलेली कशामुळे होते? चांदवडच्या कांदेवाल्या घरातली मी, लग्न झालं तेव्हा एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. पुढच्या वर्षी ऋतुजा झाली. परीक्षा सोडून द्यायची असं सगळ्यांनी ठरवलं होतं, मीसुद्धा. तुम्ही बिनपगारी रजा टाकून आलात आणि दीड महिना माझी चार महिन्यांची पोर सांभाळलीत. मी अभ्यासाच्या खोलीत असताना ती रडली तर तुम्ही तिला घेऊन गंगेवर, गोदावरीच्या घाटावर जायचात, मला आवाज येऊ नये म्हणून. त्या पदवीच्या जोरावर मी तुम्हाला गप्प केलं.

तिसरा साबण लगेच आळला. तुम्हाला आनंद झाला. पण कापायला गेलात तर कडा खडूसारख्या ढासळायच्या, आणि दोन दिवसांत वरती पांढरी पूड धरली. व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून तुम्ही जिभेचं टोक लावून बघितलंत. सेलला जीभ लावल्यासारखा चटका बसला. मला विचारलंत. ताजा आहे, महिनाभर वाऱ्यावर ठेवा, मी म्हणाले. महिन्यानं पुन्हा फोन केलात, अजून लागतंय गं जिभेला. मी वर्गावर निघाले होते. म्हणाले, साबण खायचा नसतो, ताई. आणि आपल्याच विनोदाला हसले. तुम्हीही हसलात.

छाटण्या सुरू झाल्या, टोळ्या आल्या, आणि तुम्ही वड्या वाटल्यात. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, प्रत्येकीच्या हातात. यमुनाला दोन दिल्या, कारण तिचे हात सगळ्यांत वाईट होते. सकाळ-संध्याकाळ चांगलं चोळून धू, असं तुम्ही तिला बजावलंत. बाकीच्या बायकांनी एकदा वापरून, झोंबतं म्हणून बाजूला ठेवला. यमुनानं तसं केलं नाही. दर हंगामाला टोळीबरोबर येणारी तिची तिन्ही पोरं तुमच्या काट्यावर मोठी झालेली. ताईनं सांगितलंय म्हणजे झोंबलं तरी गुण येईल, असं धरून ती दातओठ खाऊन चोळत राहिली. तिसऱ्या दिवशी तिच्या तळव्यांची साल निघाली. बोटांच्या बेचक्या लाल झाल्या, हातात साधा तांब्या धरवेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, हे कशानं भाजलं? आणि तुम्ही, तिच्या शेजारी उभ्या, म्हणालात, माझ्या साबणानं.

मुकादमानं तिला नवऱ्यासकट गावाला परत पाठवलं. बागाईतदार पुंडलिकनाना तुमच्या ओट्यासमोर उभे राहून चारचौघांत बोलले की बाई, पोरांना खिचडी वाटायचं काम तुमचं, माणसांच्या कातडीवर प्रयोग करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलंत तर उरलेल्या वड्या ओट्यावर ठेवलेल्या होत्या, त्याच कागदात. कोणी केव्हा आणून ठेवल्या ते कळलं नाही. दार वाजवून हातात द्यायलाही कुणी थांबलं नव्हतं.

हे सगळं तुम्ही मला फोनवर सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज अगदी सपाट होता. तुम्ही फोन ठेवल्यावर मी पुस्तक काढलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पुस्तकातला तेलाचा आकडा असतो तो पोटॅशसाठीचा. आपण बाजारातून आणतो तो सोडा. सोड्यासाठी त्या आकड्यातले दहातले तीन भाग कमी करावे लागतात. अडीचशेचे एकशे ऐंशीच्या आत. ती व्हिडिओतली बाई बरोबर होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी ही चूक केली तर मी लाल पेनानं गोल करून शून्य देते.

मी लगेच फोन लावला, ताई. ह्याच्यावर विश्वास ठेवा. माझी चूक झाली असं म्हणायलाच लावला होता. पण तुम्ही उचलल्या उचलल्या म्हणालात, "मनीषा, काटाच चुकला असंल गं माझा."

आणि माझ्यासमोर एक दार उघडलं. मी त्यातून निघून गेले. म्हणाले, "असू शकतं, ताई. तपासून घ्या एकदा."

पुढचं सगळं ह्या एका वाक्यानं झालं. तुम्ही काटा पिशवीत घालून किराणावाल्याकडे गेलात, त्याची मापं ठेवून बघितलीत. काटा तंतोतंत निघाला. मग तुम्ही मला म्हणालात, काटा नीट हाय, मंग माझंच वाचायला चुकलं. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, तुम्ही ऑपरेशन पुढे ढकलत होतात. आता तुम्ही म्हणालात, ह्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला पाहिजे, ह्यानंच घात केला. आणि मी म्हणाले, हो, करूनच टाकू. ऑपरेशन कधी ना कधी करायचंच होतं असं हे परवा मला म्हणाले. ते खरं आहे. पण तुम्ही ते ज्यासाठी केलंत ते खोटं होतं, आणि ते खोटं माझं होतं.

ऑपरेशननंतर आठवडाभर तुम्ही आमच्याकडे राहिलात. दिवसातून चार वेळा मी तुमच्या डोळ्यात थेंब घालायचे. तुम्ही पाठीवर पडून, हात पोटावर घेऊन, शाळेतल्या मुलीसारख्या निमूट. एकदा दुपारी घरात कुणी नव्हतं. थेंब घालून झाल्यावर तुम्ही डोळे मिटून पडलात आणि मी बाटलीचं टोपण लावत म्हणाले, ताई, ते साबणाचं वजन. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, कोणतं गं? तुम्ही वाट बघितलीत. दाराची बेल वाजली नाही, फोन आला नाही, कुणी आड आलं नाही. मी म्हणाले, काही नाही, पडा तुम्ही. तुम्ही चाचपून माझा हात धरलात. म्हणालात, "तू लय करतीस गं माझं."

डोळा बरा झाल्यावर तुम्ही सुरगाण्याकडे यमुनाच्या पाड्यावर निघालात. मला विचारलंत, येतेस का? मी परीक्षेच्या ड्यूटीचं सांगितलं. ड्यूटी एकच दिवस होती. तुम्ही एकट्या दोन बस बदलून गेलात आणि तीन दिवस राहिलात. तिथे काय झालं ते तुम्ही आल्यावर फारसं बोलला नाहीत. हात भरून आलेत, एवढंच म्हणालात.

मला वाटलं होतं आता साबण संपला. तुम्ही मात्र पुन्हा सुरू करायचं म्हणत होतात. ज्यानं बिघडवलं त्यानंच नीट करायचं असतं, असं तुमचं म्हणणं. ह्या वेळी मी बरोबर आकडा दिला. पण तो कसा दिला? तेलाची प्रत बदलते, आपण जरा कमीच घेऊ, एकशे सत्तर घ्या, असं गुळगुळीत बोलून. तुम्ही लिहून घेतलंत. आधी दोनशे पन्नास का होतं हे तुम्ही विचारलं नाहीत. मी दिलेल्या आकड्यावर तुम्हाला शंकाच नव्हती.

तुम्हाला शंका होती ती स्वतःवर. मी एकदा तुम्हाला करताना बघायला आले तेव्हा ते दिसलं. तुम्ही कॉस्टिक तोललंत, काट्यावरून उतरवलंत, परत ठेवलंत, परत उतरवलंत. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. मग मीराबाईंना हाक मारून आकडा वाचायला लावलात. मीराबाईंना, ज्यांना तुम्ही अक्षरं शिकवली होती. मी बाजूला उभी राहून बघत होते. रडणाऱ्या पोराचं वजन एका नजरेत वाचणारी बाई मी अशी करून ठेवली होती.

तो साबण चांगला झाला. जिभेला लागला नाही. फेस बेताचा, रंग सायीसारखा. पहिले पंधरा दिवस तुम्ही तो एकट्याच वापरत होतात, मग मीराबाई, मग इतर. गेल्या छाटणीला यमुना परत आली आणि तिनं तुमच्या हातून वडी मागून घेतली. ते कळवायला तुम्ही फोन केलात तेव्हा तुम्ही रडत होतात. जो येईल त्याला सांगायचात, आमच्या मनीषानं शिकवलं. गावात, बसमध्ये, दवाखान्यात. मी दरवेळी विषय बदलायचे आणि तुम्हाला तो माझा मोठेपणा वाटायचा.

करंजाच्या तेलावरून आपलं भांडण चालू होतं, आठवतं ना? करंजानं भेगा भरतात असं तुमचं म्हणणं, आणि करंज घातलं तर वासानं कुणी हातात धरणार नाही असं माझं. तुम्ही म्हणालात, बागेतून आलेल्या बाईच्या नाकाला औषधाशिवाय कशाचा वास येत नाही, तिला काय सांगतीस करंजाचं. मी म्हटलं, बघू, पुढच्या वेळी तुमच्याकडे येईन तेव्हा बोलू. आणि त्याच वेळी तेही सांगायचं असं मी मनाशी पक्कं केलं होतं. खरंच केलं होतं. पण असं पक्कं मी आधीही तीनदा केलं होतं. चार दिवसांनी पहाटे मीराबाईंचा फोन आला.

आता तेराव्याकडे येते. मीराबाईंनी केलेलं कौतुक ऐकून बायका पांगल्या, भांडी घासायला गेल्या, तेव्हा एक बाई दारातून आत आली. सावळी, किडकिडीत, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तिनं तुमच्या फोटोला हात जोडले तेव्हा तळव्यांवरचे फिकट डाग दिसले. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. तिला निरोप उशिरा मिळाला होता. एवढ्या लांबून दोन बस बदलून आली होती आणि पंगती उठून गेल्या होत्या. मी तिला ताट वाढलं. ती मागच्या अंगणात जेवत होती आणि मी तिच्यासमोर बसून होते. जेवण होईपर्यंत थांबले. मग सांगितलं.

सगळं सांगितलं. आकडा मी दिला होता, ताईंनी शंका काढली होती, मी त्यांना गप्प केलं. काटा बरोबर होता, डोळा बरोबर होता. तुझे हात माझ्यामुळे भाजले.

यमुनानं सगळं ऐकून घेतलं. हात धुतले, पदराला पुसले. मग तिनं विचारलं, "मंग तायला का नाय सांगितलं?"

मी म्हणाले, धीर झाला नाही.

मग तिनं मला त्या तीन दिवसांचं सांगितलं, जे तुम्ही सांगितलं नव्हतं. तुम्ही तिच्या घरी चुलीपुढे बसून तिच्या माणसांच्या नागलीच्या भाकरी थापल्यात. तिला हातानं घास भरवलात. तिच्या सासूनं तुम्हाला बरंवाईट बोलून घेतलं आणि तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. निघताना तिचे हात आपल्या कपाळाला लावलेत आणि म्हणालात, माझ्या डोळ्यानं घात केला, मला माफ कर. हे सांगताना यमुनाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती रागावली होती. माझे हात बरे झाले, ती म्हणाली, पण ताय ते मनात घेऊनच गेली. मला सांगून काय होणार? ज्यांनी वड्या ओट्यावर आणून टाकल्या त्यांना सांगा.

ती बस पकडायला निघून गेली. मी घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते तुमचे भाऊ, त्यांना सांगायला मला दोन वर्षं लागली. दोन दिवस जेवणापुरतं बोलले. मग तिसऱ्या दिवशी म्हणाले, मी गाडी काढतो, चल गावाला.

मीराबाईंना निरोप पाठवला, बायकांना जमेल तो दिवस ठरला, आणि काल आम्ही गेलो. मीराबाईंनी दुपारी पोरं घरी गेल्यावर अंगणवाडीत बायकांना बोलावून ठेवलं होतं. त्यांना वाटलं मी साबणाचं पुढचं काही शिकवायला येतेय. पंधरा-वीस बायका लहान मुलांच्या सतरंजीवर बसल्या होत्या. पुंडलिकनानांनाही निरोप दिला होता, ते दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले. माझी बावीस वर्षं वर्गासमोर उभी राहण्यात गेली, पण काल मला पहिलं वाक्य सापडेना. शेवटी सरळ म्हणाले, विमलताईंची चूक नव्हती. माझी होती. मग आकडा कुठून आला, कसा चुकला, ताईंनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, आणि कळल्यावरही दोन वर्षं गप्प कशी बसले, ते सांगितलं. ताईंनी केलेलं वजन बरोबर होतं, त्यांना सांगितलेलं वजन चुकीचं होतं, हे दोनदा सांगितलं.

पुंडलिकनाना थोड्या वेळानं म्हणाले, मी बाईंना नाय नाय ते बोललो होतो. आणि टोपी न घालताच निघून गेले. मागे बसलेली एक तरुण बाई म्हणाली, मॅडम, बरोबर आकडा किती ते तरी सांगा, पुढच्या महिन्यात छाटण्या सुरू होतील, वड्या करायला घ्याव्या लागतील. मी सांगितला. किलोभर खोबरेलला एकशे सत्तर. करंज घालायचं असेल तर त्याचा आकडा वेगळा, तोही काढून देईन म्हणाले. तिनं लिहून घेतलं आणि वही माझ्यापुढे धरली. दुसऱ्या कुणाला तरी दाखवून खात्री करून घ्या असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, ते तर करणारच.

सगळ्या गेल्यावर मीराबाई सतरंजी झटकत होत्या. मी मदतीला गेले तर त्यांनी दुसरं टोक माझ्या हातात दिलं नाही. एकट्यानंच घडी घातली. मी चप्पल घालत असताना त्या दारात आल्या.

"बाईंना कळलं असतं ना, तर त्या तुमच्यावर रागावल्या नसत्या," त्या म्हणाल्या. "म्हणून तर सांगायचं होतं."

परत येताना बागांच्या रस्त्यानं हे गाडी हळू चालवत होते. मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. सुरगाण्याच्या पाड्यावर माहीत झालं, तुमच्या गावात माहीत झालं, तुमच्या भावाला माहीत झालं. ऋतुजाला आज सकाळी सांगितलं. आता सगळ्यांना माहीत आहे, ताई. एक तुम्हालाच सांगायचं राहिलं.